अपडेटसाहेब, आपले उपकार फार झाले

रा. रा. विंडोज अपडेटसाहेब,
मुक्काम पोस्ट रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका
यांसी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, घरोघरच्या संगणकांची आपण जी अहोरात्र काळजी वाहता, तिचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. आपली स्वारी आली की संगणक आपल्या ताब्यात जातो आणि मालकाचे हात मोकळे होतात. अशा मोकळ्या हातांना लिहायचा सराव राहावा, हाही आपला हेतू असणार. म्हणून हे पत्र कागदावर लिहिले आहे. संगणकावर लिहायला घेतले असते, तर ते पुरे होईल याची हमी देता आली नसती.

प्रथम आपल्या वक्तशीरपणाला वंदन. ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार हा आपला वार ठरलेला आहे. गणपतीची अंगारकी वर्षातून एकदोनदा येते, आपली बाराही महिने. रेडमंडला सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे आपण तिकडून निघता ते कचेरीच्या वेळेत आणि इथे पोहोचता ते निजानीज झाल्यावर. यजमानाला चहापाण्याची तसदी नको, एवढा विचार हल्ली कोण करतो?

आपल्याला आमच्या कामाची कदर नाही, असे म्हणणाऱ्यांची जीभ झडो. ऑगस्ट २०१६ मध्ये आपण ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सवलत दिलीत. तुमचे कामाचे तास सांगून ठेवा, त्या वेळात रीस्टार्ट करणार नाही, असे वचनच दिलेत. आधी बारा तासांची मर्यादा होती, पुढच्या वर्षी ती अठरा केलीत. स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र दिवसातले अठरा तास स्वतःला वापरायला मिळते. उरलेले सहा तासही मागण्याइतके आम्ही हावरट नाही.

त्या सहा तासांत काय घडते, तेही कौतुकाने सांगण्यासारखे आहे. समजा, प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आहे आणि रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत. आईने मुलाचा फोटो पन्नास केबीत कसाबसा बसवला आहे, सही स्कॅन केली आहे, फी भरायला घेतली आहे. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आला आहे आणि ते आतल्या खोलीतून एकेक आकडा ओरडून सांगत आहेत. चौथ्या आकड्याला पडदा निळा होतो. मधोमध ठिपके गोल गोल फिरू लागतात आणि खाली अक्षरे उमटतात : अपडेट चालू आहे, ३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका. आतून पाचवा आकडा येतो, सहावाही येतो. ते घ्यायला आता कोणी नसते.

तो टक्क्यांचा आकडा म्हणजे आपल्या विनोदबुद्धीचा उत्तम नमुना. तो तिसावर बसला की बसला. मग एकदम शंभरावर जातो, पाहणाऱ्याला हायसे वाटते, संगणक आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मोजणी नव्याने चालू होते. आणि ती ‘बंद करू नका’ची विनंती! गावाकडे भारनियमनात दिवस काढणाऱ्यांना ती वाचून अगदी भरून येते. पण साहेब, संगणक बंद करणारे हात त्यांचे नसतात. ही विनंती आपण थेट वीज कंपनीला केली असती, तर आम्हीही खाली सही केली असती.

आपल्या औदार्याची गोष्ट तर जगजाहीर आहे. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ते वर्षभर फुकट मिळेल, असे जाहीर झाले. फुकटाला नाही म्हणणारे काही करंटे निघालेच. त्यांची समजूत काढण्यासाठी आपण पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह आणून बसवलेत, वरचेवर चौकट पुढे केलीत, आणि तरीही ते ऐकेनात तेव्हा मे २०१६ मध्ये खरी प्रतिभा दाखवलीत. चौकट बंद करायची ती लाल फुली दाबली, तर तो होकार समजायचा असे ठरवलेत. वीस वर्षे लोक ज्या खुणेने दार लावत होते, त्याच खुणेने दार उघडायची ही युक्ती. भल्याभल्या वकिलांना सुचली नसती.

याबद्दल आपल्या कंपनीचे विपणनप्रमुख ख्रिस कापोसेला यांनी डिसेंबर २०१६ मध्ये, तिथे आम्ही जरा मर्यादा ओलांडली, अशी कबुली देऊन टाकली. उगीच दिली. मोठ्या माणसाने इतके विनयशील असू नये. शिवाय कबुली आली तेव्हा फुकटाची मुदत संपून चार महिने होऊन गेले होते, त्यामुळे कोणाचे नुकसान होण्यासारखेही काही उरले नव्हते.

कॅलिफोर्नियात सॉसलिटो गावी ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंना मात्र आपले औदार्य समजले नाही. आपण त्यांच्या कामाच्या संगणकावर न विचारता नवे विंडोज चढवायला घेतलेत आणि तो दिवसच्या दिवस निकामी झाला, असे म्हणत त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने त्यांना दहा हजार डॉलर देवविले. आपल्या कंपनीने अपील मागे घेतले आणि चूक अर्थातच मान्य केली नाही. जगात फुकट वस्तूसाठी इतकी किंमत मोजणारी कंपनी दुसरी नसेल.

एप्रिल २०१६ मधले आपले टीव्हीवरचे पदार्पणही स्मरणात आहे. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरी एका वाहिनीवर हवामानाचे थेट प्रक्षेपण चालू होते. पडद्यावर पावसाचा नकाशा होता आणि त्या नकाशावर आपण उगवलात, विंडोज १० घेता का म्हणून विचारत. पाऊस सांगून येतो, निदान तसा प्रयत्न तरी करतो. आपल्याला ते बंधन नाही.

आपला दानधर्मही गुप्त असतो. विंडोज १० सोबत २०१५ मध्ये अशी सोय आली की एका घरातला संगणक आपल्या अपडेटचे तुकडे इंटरनेटवरून दुसऱ्या अनोळखी संगणकांना पोचवू लागला. ही सोय घरगुती यंत्रांवर मुळातच चालू करून ठेवलेली होती. डेटा आमचा, वीज आमची, पुण्य आपले. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये म्हणतात. इथे तर देणाऱ्यालाही पत्ता नव्हता.

उत्साही माणसांवर आपली विशेष मर्जी. ‘अपडेट आहे का पाहा’ असे एक बटण आपण ठेवले होते. साधाभोळा माणूस ते काळजीपोटी दाबायचा. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच कंपनीने खुलासा केला की हे बटण दाबणारा जाणकार व हौशी समजला जाई आणि पुढच्या महिन्यासाठी राखलेली, अजून चाचणीतली अपडेट त्याला आधी मिळत. प्रश्न विचारला म्हणून प्रयोगशाळेत भरती, इतकी सोपी प्रवेशप्रक्रिया आमच्याकडे कुठल्याच महाविद्यालयात नाही.

आणि २ ऑक्टोबर २०१८ चा दिवस तर कसा विसरावा? त्याआधी आपण मोठे अपडेट चढवून झाले की पडद्यावर धीर द्यायचात : तुमच्या सगळ्या फाइली जिथे ठेवल्या होत्या तिथेच आहेत. कोणी विचारलेले नसताना दिलेले हे आश्वासन ऐकून शहाण्या माणसाच्या पोटात गोळाच यायला हवा होता. त्या ऑक्टोबरच्या अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फाइली खरोखरच पुसून टाकल्या. चाचणी करणाऱ्यांनी आधीच तक्रारी नोंदवून ठेवल्या होत्या, पण आपण इतके कामात की त्या वाचायला सवड झाली नाही. चार दिवसांत ते अपडेट मागे घेतलेत आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा आणलेत. अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतकेच होते, असेही आपण समजावून सांगितलेत. ज्यांच्या मुलांच्या बारशाचे फोटो गेले, त्यांना या अपूर्णांकाने किती दिलासा मिळाला असेल!

आपल्या चिवटपणापुढे तर हात टेकले. वैतागलेला माणूस सर्व्हिसेसच्या यादीत जातो, आपले नाव शोधतो आणि ‘डिसेबल्ड’ करून निवांत झोपतो. पण आपण स्वतःसाठी खासगी डॉक्टर नेमून ठेवला आहे. ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’ असे त्याचे नावच आहे. आपल्याला कोणी झोपवले की तो येतो, नाडी पाहतो आणि आपल्याला उठवून बसवतो. मालकाने बंद केलेली गोष्ट त्याच्या पाठीमागे चालू करणाऱ्या प्रोग्रामला एरवी लोक व्हायरस म्हणतात. आपल्याला म्हणणार नाहीत. आपण घरचे.

घरचे म्हणजे अक्षरशः घरचे. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत आपल्याला आवरायची धोरणे बदलता येत नाहीत, ती सोय जास्त पैसे मोजून प्रो आवृत्ती घेणाऱ्यांना. नको असलेले एखादे अपडेट लपवण्याचे छोटे साधन आपण २०१५ मध्ये काढले होते खरे, पण ते विंडोजच्या आत न ठेवता वेगळे उतरवून घ्यायला लावलेत. ज्याला त्याचा पत्ता सापडला तो गरजू, बाकीचे सुखी, असा सरळ हिशेब. अपडेट थोपवून धरायचे बटण घरगुती आवृत्तीत यायला मे २०१९ उजाडावे लागले. त्यातही एकूण पस्तीस दिवसांची सुटी. ती संपली की आधी हजेरी लावायची, मग पुढची रजा.

तोवर लोक आपापल्या परीने मार्ग काढत होतेच. घरच्या वाय-फायला सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड’ ठरवायचे, म्हणजे हे मोबाइलचे मोजूनमापून घेतलेले नेट आहे असे आपल्याला वाटते आणि आपण बरेचसे सामान उंबऱ्याबाहेर ठेवता. महिन्याचे पूर्ण बिल भरून गरिबीचे सोंग घ्यायचे, हा संस्कार नव्या पिढीवर आपण केलात.

सुटीच्या शिष्टाचाराचीही आठवण करून द्यावीशी वाटते. ‘अपडेट करून बंद करा’ असा एक पर्याय आपण देता. तो निवडून माणूस दिवा मालवून झोपायला जायचा आणि अनेकांच्या यंत्रांवर संगणक बंद न होता पुन्हा सुरू होऊन रात्रभर तेवत राहायचा. ही खोड दुरुस्त झाल्याची नोंद आपण २०२५ च्या ऑक्टोबरअखेर केलीत. बंद म्हणजे बंद, हे पटायला वेळ लागायचाच.

अपडेट आटोपल्यावर आपण जी मुलाखत घेता, तिच्यातला आग्रह पंगतीतल्या आग्रहाहून कमी नाही. संगणकाची मांडणी पूर्ण करू या, असे म्हणत पडदाभर पाट मांडता. कंपनीचे खाते घ्या, फाइली आमच्या साठवणीत ठेवा, आमचाच ब्राउझर वापरा. उत्तरे दोनच : ‘पुढे चला’ किंवा ‘तीन दिवसांनी आठवण करा’. ‘नको’ हे उत्तर आपल्या कोशात दिसत नाही. नाही म्हणायला एकदा आपल्या हातून भलतेच चांगले काम घडले. मार्च २०२५ च्या अपडेटने काही संगणकांवरून कोपायलट हे आपलेच लाडके ॲप चुकून काढून टाकले. कित्येकांनी देव पाण्यात ठेवून ही चूक तशीच राहू दे म्हटले असेल, पण आपण ती तत्परतेने सुधारलीत. फाइली पुसल्या गेल्या तेव्हा परत आणताना मात्र आपली पुष्कळच तारांबळ झाली होती.

आता हसणे बाजूला ठेवून एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. १४ मार्च २०१७ रोजी आपण एक सुरक्षा दुरुस्ती दिली होती. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तो नेमका त्याच भगदाडातून. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या, इकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. ज्या यंत्रांवर मार्चची दुरुस्ती चढली होती, ती वाचली. त्या दिवशी आपण खरे ठरलात आणि आपल्याला हाकलून देणारे उघड्यावर पडले.

पण साहेब, त्यांनी आपल्याला हाकलून का दिले होते? त्याचे उत्तर आमच्या शेतकऱ्याला विचारा. खताच्या दुकानात युरियाचे पोते मागितले की दुकानदार सोबत नको असलेले दुसरे खत गळ्यात बांधतो. आमच्याकडे त्याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. सुरक्षा दुरुस्ती हा आपला युरिया. तो हवाच असतो. पण त्याच गाडीतून आपण जाहिरात आणता, नवे ॲप आणता, बदललेली बटणे आणता आणि वर रीस्टार्टचा हमालीखर्च लावता. कोणत्या पोत्यात काय आहे, हे केबी आणि सात आकड्यांच्या नावावरून ओळखायचे. मग वैतागलेला माणूस गाडीच परत पाठवतो आणि त्याच्याबरोबर युरियाही जातो.

म्हणजे लोकांना अपडेटचा तिटकारा शिकवला तो चोरांनी नव्हे, आपण. चोरांना इतका भरवशाचा मदतनीस दुसरा मिळाला नसता.

आणि कळस अजून पुढेच आहे. विंडोज १० हे शेवटचे विंडोज, असे २०१५ मध्ये आपल्याच कंपनीचा एक माणूस भर संमेलनात बोलून गेला होता. लोकांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच विंडोज १० ची देखभाल आपण थांबवलीत. दहा वर्षे जे हात जोडून म्हणत होते, साहेब येऊ नका, त्यांच्याकडे आपण फुलीचा होकार करून घुसलात. आता तेच म्हणतात, साहेब, सुरक्षेपुरते तरी या, तर आपण यंत्राचे वय विचारता. टीपीएम २.० नावाची चीप आहे का? प्रोसेसर २०१७ च्या आधीचा तर नाही? मग आपल्याला यायला जमणार नाही. धडधाकट चालणारा संगणक भंगारात घाला आणि नवा घ्या.

अगदीच दया आली म्हणून एका वर्षाची वाढीव सुरक्षा ठेवलीत. तीस डॉलर मोजा, नाहीतर आपल्या सेटिंग कंपनीच्या साठवणीत नेऊन ठेवा, नाहीतर बक्षिसाचे हजार गुण जमवा. युरोपातल्या ग्राहकसंघटनांनी डोळे वटारले, तेव्हा तिथल्यांना मात्र या अटींविना फुकट. आम्ही डोळे वटारत नाही, आम्ही पत्रे लिहितो.

त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज ११ साठी जे अपडेट आपण पाठवलेत, त्याचाही उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. त्याने काय केले, तर बिघडलेला संगणक ज्या दुरुस्तीच्या पडद्यावर न्यायचा, तिथे यूएसबीचा माउस आणि कीबोर्डच चालेनासे केले. जुन्यांना त्या दिवशी सांगितलेत, नव्याकडे या. आणि नव्यांचे हात बांधलेत. आठवड्याच्या आत तातडीची दुरुस्ती धाडलीत, ती अर्थातच आणखी एका अपडेटमधून.

तरी लहान तोंडी मोठा घास घेऊन चार मागण्या करतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या पोत्यात द्या आणि त्यात दुसरा दाणाही घालू नका. रीस्टार्ट करण्याआधी विचारा आणि ‘नको’ला नकोच समजा. किती दिवस थांबायचे हे घरगुती आवृत्तीतही मालकाला ठरवू द्या. आणि चालत्या यंत्राला सुरक्षेसाठी तरी वय विचारू नका. यातली एकही गोष्ट तंत्राला अशक्य नाही. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर कोणते अपडेट कधी चढवायचे, ते त्यांचे तंत्रज्ञ ठरवतात आणि आपण ते मुकाट्याने ऐकता. म्हणजे आपल्याला थांबता येते. फक्त आमच्यापुढे थांबायची गरज वाटत नाही.

कळावे, लोभ असावा, पण इतका नसावा.

आपला कृपाभारित,
एक घरगुती वापरकर्ता

ता. क. : हे पत्र साहेबांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द. साहेबांवरचा राग सुरक्षेवर काढू नका. अपडेट कायमचे बंद करू नका, थोपवून धरा. ‘पर्यायी’ म्हणून जे येते त्याला हात लावू नका आणि नवे ते सगळ्यांआधी हवे असे म्हणणारा स्विच बंदच असू द्या. थोपवलेली मुदत संपायच्या आत, लाइट असेल अशा एखाद्या सुटीच्या सकाळी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि मग सुरक्षेची दुरुस्ती स्वतःच्या हाताने चढवा. विंडोज १० वरच राहिला असाल, तर त्या वाढीव सुरक्षेत नाव घाला. तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.